इंजिनात मीठ

पिकअप भर रस्त्यात बंद पडली तेव्हा तिच्या पाठीवर पाण्याने भरलेली टाकी होती. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, नव्या बिल्डिंगींच्या तोंडाशी. माझ्या मुलाने टाकीचा नळ उघडून सगळं पाणी गटारात सोडलं, ओळखीच्या टेम्पोला दोर बांधला आणि गाडी ओढत वाडीवर आणली. अंगणात उभी केल्यावरही तिच्या नाकातोंडातून वाफ निघत होती. मुलगा उतरला आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. बायको मेल्यासारखा. बायको आत जिवंत होती, भाकऱ्या थापत होती.

पण त्याचंही चुकलं नव्हतं. आमचं सगळं त्या गाडीवर होतं. आमची वाडी वटारच्या बाजूला. केळी, पानवेल, थोडी फुलं, पावसात भाजी. सकाळी गाडी तो माल घेऊन बाजाराला जायची. दुपारी तिच्यावर काळी टाकी चढवून आमच्या विहिरीचं पाणी बिल्डिंगींना. त्या वर्षांत नालासोपाऱ्यात आणि विरारला बिल्डिंगी आधी आल्या, नळ मागून आले, म्हणून पाण्याला मागणी होती. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलाला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती.

आमच्या विहिरीचं पाणी गोड, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकत होते. लोक लग्नाच्या पंगतीला आमच्याकडून पाणी नेत. सकाळी पहिली घागर देवाला, दुसरी चुलीला. गाडी आल्यावर तिसरी गाडीला. मुलगा बॉनेट उघडून आपल्या हाताने ओतायचा. बाजारातलं पाणी त्याने गाडीला कधी पाजलं नाही. बाहेर कुठे तापली तरी घरून नेलेल्या कॅनमधलंच घालायचा.

मेकॅनिक नालासोपाऱ्याहून आला. घाटावरचा माणूस, तोंडाने वाचाळ, हाताने चांगला. त्याने इंजिनातून एक लांब पट्टी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मावशी, हे काय दिसतंय?"

"चहा," मी म्हटलं. दुधाचा चहाच दिसत होता.

"हे ऑईल आहे. काळं पाहिजे. ह्याच्यात पाणी गेलंय."

मी खरा चहा करून आणला तर तो फाटलेला. दूधवाल्याला दोन शिव्या हासडल्या. मेकॅनिकने अर्धा चहा प्यायला, अर्धा तसाच ठेवला. मग त्याने इंजिनाचं वरचं झाकण सोडवलं आणि आत बॅटरी मारली. आतून चीर गेली होती. दुरुस्तीला अर्थ नाही, इंजिनच बदला, म्हणाला.

"जुनं झालं म्हणून गेलं का?" मुलाने विचारलं.

"गाडी म्हातारी आहे, पण म्हातारपणाने नाही मेली. बाहेर काढू तेव्हा कळेल."

बातमी माझ्या चुलतदिरापर्यंत जायला वेळ लागला नाही. शेजारची वाडी त्यांची. त्यांच्याकडे मोठा टँकर होता, दिवसभर पाणी उपसायचा. त्यांच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठायचं तळं. ते भराव घालून बुजवलं आणि वर दुकानाचे गाळे काढले. आले, गाडीला एक फेरी मारली आणि ओट्यावर बसले.

"वहिनी, रस्त्याकडची पट्टी काढून टाका. पार्टी तयार हाय. पोराला नवा टँकर घ्या."

"इंजिन मेलं म्हणून जमीन विकायची? उद्या कोंबडी मेली तर घर विकायला सांगाल."

"जमिनीत काय उगवतंय ते बघा की. पानं करपली तुमची."

"तुमच्या बावखलात काय उगवलं ते आधी सांगा, भावजी."

"गाळे उगवले. भाडं येतं. तुमच्या केळीला येतं काय भाडं?"

मुलगा हसला नाही. तो दिरांकडे बघत होता, आणि त्याची नजर मला आवडली नाही. पट्टी गेली की मागची वाडी जायला कितीसा वेळ? रस्त्याकडचा तुकडा एकदा दिला की मागे जायला वाट त्यांची. आमच्या आळीत दोन वाड्या अशाच गेलेल्या मी पाहिल्या होत्या. मी पाटल्या काढून मुलाच्या हातात दिल्या आणि सांगितलं, जुनं इंजिन शोध. पट्टीचं नाव काढायचं नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पाटल्या मला घट्टच होत होत्या.

कुर्ल्याच्या भंगारात तसलंच इंजिन मिळालं. ते येऊन पडलं आणि जुनं काढायचा दिवस ठरला.

आमची चिंच अंगण आणि विहीर यांच्या मधोमध उभी आहे. एक जाड फांदी अंगणावर, एक विहिरीवर. विहिरीवरची फांदी पाला पाडते म्हणून सासरे ती तोडणार होते, ते राहूनच गेलं. अंगणाकडच्या फांदीला मेकॅनिकने साखळीची कप्पी बांधली. गाडीचं बॉनेट काढलं, तोंडावरची जाळी काढली, रेडिएटर काढला. मग पाइप, वायरी, पंखा. काढलेला एकेक बोल्ट मुलगा माझ्या जुन्या परातीत टाकत होता. इंजिन गिअरबॉक्सपासून सुटेना. मेकॅनिकने पहार घातली, मुलाने खालून लाथ मारली, दोघांनी मिळून इंजिनाच्या आईबहिणीचा उद्धार केला. मी समोर बसले होते तरी. शेवटी ते सुटलं. मेकॅनिक साखळी ओढू लागला आणि इंजिन कडकड करत वर आलं. मग गाडी मागे ढकलायला माणसं कमी पडली. सून पदर खोचून आली आणि मीही उठले. गाडी मागे सरली, इंजिन झाडाला लटकत राहिलं, तेल गाळत. खाली मी पोती अंथरली होती, तेल जमिनीत मुरू नये म्हणून. विहीर जवळ होती ना.

इंजिन टायरवर उतरवलं. कशाने मेलं ते बघू, म्हणून मेकॅनिकने त्याच्या कुशीवरच्या पत्र्याच्या गोल टोप्यांवर छिन्नी ठेवून हातोडा मारला. टोपी आत गेली, बिस्किटासारखी. मग त्याने सळई घालून ढवळलं. इंजिनाच्या पोटातून तांबडा गंज पडू लागला, आणि गंजाबरोबर पांढरे खपले. मुठीमुठीने. पोत्यावर ढीग झाला. मला वाटलं चुना.

मेकॅनिकने एक खपली उचलली, जिभेला लावली आणि थुंकला.

"भाऊ, खरं सांग. खाडीचं पाणी मारत होतास काय ह्याच्यात?"

"डोकं फिरलं काय तुझं?" मुलगा म्हणाला.

"मग मिठागरातून आणत होतास?"

"आमच्या विहिरीचं पाणी आहे ते! देवाला चढतं!"

"देवाचं मला माहीत नाही. इंजिनाला चढलेलं दिसतंय."

मुलगा त्याच्या अंगावर जाईल असं वाटलं. पण तो विहिरीवर गेला, तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात आदळला. "पी. पी आणि मग बोल."

मेकॅनिकने मोठा घोट घेतला. गिळला नाही. तोंडात धरून आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग केळीपाशी गेला आणि थुंकून आला.

"मावशी, हे पाणी तुम्ही पिता?"

"पितो म्हणजे? पाहुण्यांना देतो!"

"मग पाहुणे परत येत नसतील."

मी त्याच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि प्यायले. अर्धा तांब्या प्यायले. मला ते गोड लागलं. रोज लागायचं तसंच. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला. गोडच. आणि पोत्यावर तो पांढरा ढीग पडलेला होता. इंजिन खोटं बोलत नव्हतं आणि जीभही खोटं बोलत नव्हती, मग झालं होतं काय?

तेव्हा दारातून सून म्हणाली, "आई, खारटच आहे."

मी म्हटलं, "तू गप्प बस. तू आल्यापासून हेच सांगते आहेस."

ती नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली, कोकणातल्या नोकरदार घरातली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, पाणी मचूळ लागतं. सगळं घर हसलं होतं. नळाच्या औषधी पाण्यावर वाढलेली जीभ, तिला विहिरीचं काय कळणार, असं माझा नवरा असता तर म्हणाला असता. तो नव्हता म्हणून मी म्हटलं. मग तिची आमटी खारट व्हायला लागली आणि मी तिच्या हाताला नावं ठेवू लागले. मग आमटी नीट व्हायला लागली. मला वाटलं, सून तयार झाली.

"आई," ती म्हणाली, "भातात मी मीठ घालत नाही. आमटीत निम्मं घालते."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा ताट सरकवलंत तेव्हापासून."

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. मी ओट्यावर बसले.

मग एकेक आठवायला लागलं. डाळ शिजेना म्हणून आम्ही वाणी बदलला होता. साबणाला फेस येईना तर साबण बदलला. चहा फाटायचा म्हणून दूधवाला बदलला, दोनदा. पानवेलीची पानं कडेने जळत होती तर रोग पडला म्हणून औषध मारत होतो, आणि ते औषध कालवत होतो त्याच पाण्यात. सगळं बदलून झालं. पाणी बदललंय हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. एकदम झालं असतं तर कळलं असतं. मीठ हळूहळू चढलं, आमच्या जिभा त्याच्याबरोबर चढल्या. फक्त इंजिनाला सवय झाली नाही.

का झालं ते समजायला शिक्षण लागत नाही. समुद्र आमच्यापासून लांब नाही. सासऱ्यांच्या काळी उन्हाळ्यात दुपारनंतर विहिरीतून पाणी काढायचं नाही असा घरात नेम होता. विहिरीला दम खाऊ द्या, म्हणायचे. तळ गाठला की खालून खारं आत येतं, हे त्यांना माहीत होतं. आम्ही टाकी भरायला मोठी मोटर घेतली, आणि मोटरला दम लागत नाही. शेजारी दिरांची मोटर, पलीकडे आणखी तीन. बावखलं बुजली, पावसाचं पाणी मुरायला जागा राहिली नाही.

मेकॅनिक नवीन इंजिन बसवायला तयार होता, पण एका अटीवर. "ह्या विहिरीचं पाणी घालणार असाल तर दुसरा मेकॅनिक बघा. उद्या परत मेलं की माझं नाव खराब." तेव्हा सून रिक्षा करून माहेरी गेली आणि नळाच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन आली. बरोबर विहीणबाई आल्या, गंमत बघायला.

मी त्यांना म्हटलं, "बघा काय वेळ आली. आमचं पाणी तुमच्या बिल्डिंगीला जातं, आणि आमच्या गाडीला तुमचं आणायचं."

त्या भोळ्या बाई. सहज म्हणाल्या, "ते टँकरचं होय? ते संडासाच्या टाकीत सोडतात हो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"संडासाला. आणि जिने धुवायला. प्यायला कोण घेणार? पहिल्या वर्षी घेत होतो, मग मुलांची पोटं बिघडली. आता प्यायला नळाचं, दिवसाआड येतं तेवढं भरून ठेवतो. सगळ्या बिल्डिंगीला माहीत आहे."

गाडीखाली मुलाच्या हातातला पाना खणकन पडला. तो सरपटत बाहेर आला, तोंड तेलाने काळं. "मला कोणी बोललं नाही."

"वॉचमन झाकण उघडतो, तुम्ही पाइप सोडता आणि निघता. बोलायचं कधी?"

"तुम्ही तरी!"

"मुलीचं सासर, जावईबापू. आमच्या तोंडून कसं निघावं?"

मी आजवर बरंच काही बघितलं आहे. माणसं मेलेली बघितली, पुराचं पाणी घरात शिरलेलं बघितलं. पण त्या दुपारी जसा दणका बसला तसा कधी बसला नाही. ज्या पाण्याचा आम्ही दिमाख मिरवला, ज्याची पहिली घागर देवावर ओतली, ते पाणी ज्यांना विकलं ती माणसं शहाणपणाने संडासात ओतत होती. आणि आम्ही घरात बसून तेच पीत होतो. लुबाडलं कोणी कोणाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवीन इंजिन साखळीवर चढलं. मी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी सगळ्यांनी घोट घोट घेतलं आणि सगळे एकमेकांकडे बघत होते, ह्याचं तरी गोड आहे ना म्हणून. इंजिन जागेवर बसायला जुनं निघालं त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला; एक भोक जुळायचं तर दुसरं सुटायचं. शेवटी मुलाने कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. सुनेला हाक मारून तिच्यासमोर ओतलं. चावी फिरवली. ते खोकलं, काळा धूर टाकला आणि चालू झालं. चिंचेवरचे कावळे उडाले.

आवाज ऐकून दीर आले. पोत्यावरचा ढीग त्यांनी पाहिला, ऐकायचं ते ऐकलं. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. म्हणजे माहीत होतं.

"मग आता तरी पट्टी द्या," म्हणाले. "पानी खारं झालं. वाडी ठेवून करणार काय? मिठागर?"

त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा गाडीच्या काळ्या टाकीकडे बघत होता. मला त्याच्या मनातलं दिसत होतं. इंजिन नवं, गाडी चालू, विहीर भरलेली. संडासाला का होईना, पाण्याला गिऱ्हाईक आहे. दोन वर्षं आणखी उपसायचं, मग वाडी विकायची. दिरांनी तेच केलं होतं.

मेकॅनिक कप्पी सोडायला चिंचेवर चढत होता. मी म्हटलं, "सोडू नको. त्या फांदीवर बांध."

"कुठल्या?"

"विहिरीवरच्या. मोठी मोटर वर काढायची आहे."

मुलगा म्हणाला, "आये, खुळी झालीस काय? आता तर गाडी चालू झाली!"

"गाडी चालव की. टाकी उतरव. लोक फ्लॅटमध्ये राहायला येतात, त्यांचं सामान टाक. केळी टाक. पाणी नाही."

"आणि वाडी?"

"छोटी मोटर आहे. दुपारपर्यंत."

दीर हसले. "वहिनी, तुम्ही एकट्यांनी थांबून विहीर गोड व्हते काय? आमी उपसतोच हाय."

"नाही होत. पण माझ्या हाताने खारट करणार नाही. आणि पट्टी देणार नाही. तुमच्या पार्टीला सांगा, म्हातारी मरेपर्यंत थांब. पण म्हातारी मिठात मुरलेली आहे, लवकर सडायची नाही."

मेकॅनिकला हसू आवरेना. साखळी पहिल्यांदा सुनेने धरली. मग मुलगा पुढे आला, तिच्या हातातून घेतली आणि ओढायला लागला. मोटर वर आली. जाळीला, बोल्टांना, पाइपाच्या तोंडाला तोच पांढरा थर होता. रोज डोळ्यांखाली होती विहीर, आत कोणी वाकून बघितलं नव्हतं.

विहीर गोड झाली असं मी लिहिणार नाही. पावसाळ्यानंतर खारटपणा थोडा उतरायचा, चैत्रात पुन्हा चढायचा. पानवेल गेली. केळी निम्मी राहिली. नारळ टिकले, त्यांना मिठाचं वावडं नाही. रस्त्याकडची पट्टी अजून आमची आहे, आणि तिच्या मागची वाडीही. पिकअप पुढे बरीच वर्षं चालली. जाताना केळी किंवा कोणाचं कपाट-पलंग, येताना विहीणबाईंच्या नळावरून भरलेले कॅन. स्वयंपाकातलं मीठ मी सुनेवर सोपवलं. माझ्या जिभेचा भरवसा राहिला नाही.

पहिली घागर मात्र देवाला विहिरीचीच जाते. देवाने कधी तक्रार केली नाही. तशी आम्हीही केली नव्हती.